मराठी पोट, गुजराती पोट

आमचे सबनीस काका कुणाशी हात मिळवत नाहीत. ते सरळ बोट धरतात, नवी सुई काढून टोचतात आणि साखर सांगतात. निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत ते दिसले की भलेभले हात खिशात घालतात.

काका शाळेत विज्ञान शिकवायचे. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर मधुमेह निघाला, तर खचायचं सोडून हा गृहस्थ हरखला! घरबसल्या प्रयोगशाळा मिळाली ना. त्यातच कुठंतरी वाचलं, की तेच अन्न वेगवेगळ्या वंशांच्या पोटात वेगळ्या वेगानं पचतं आणि साखरही वेगळी चढते. झालं! प्रयोग सुरू. मराठी पोट स्वतःचं, गुजराती पोट समोरच्या हसमुखभाईंचं.

हसमुखभाईंनाही मधुमेह. बायको गेल्यापासून ते चहा-खारीवर राहायचे, गोळी मात्र नेमानं घ्यायचे. एकदा खंडेराव मार्केटात साखर उतरून कोसळले. पुढच्या वेळी जवळ कुणी नसलं तर, या धास्तीनं आम्ही डबा लावा म्हणून विनवलं. "एकला माणसने शुं जोईए?" एकट्याला असं लागतं काय, म्हणून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं.

प्रयोगाला मात्र आले. नियम कडक: जेवण एकच, वेळ एकच, टेबलही एकच. पहिल्याच दिवशी ते आमटीत गूळ टाकताना पकडले गेले.

"गोळ वगर दाळ केवी?"

"हसमुखभाई, आमच्याही आमटीत असतो! पण शास्त्रासाठी त्याग करा!"

असे भांडत दोघे भाकरी-पालेभाजी संपवायचे आणि बोटं टोचून घ्यायचे. हसमुखभाईंच्या चेहऱ्यावर तेज आलं. डॉक्टर खूश झाले, पण म्हणाले, "असा फरक दोन माणसांवरून कळत नाही हो, हजारो लागतात."

मी काकांना म्हटलं, "मग आता बंद करा की."

काकांनी आवाज खाली आणला. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे रे. पण प्रयोग संपला म्हटलं, तर तो उद्या पुन्हा खारीवर येईल."

बाहेर पडलो तर जिन्यात हसमुखभाई, हातात मेथीची जुडी.

"काय, प्रयोगाला?" मी विचारलं.

ते हसले. "मने बधी खबर छे, भाई. दोन माणसांत कसला प्रयोग? पण मी नाही गेलो, तर काका एकट्यासाठी भाकरी थापतील का?"

आणि त्यांनी काकांची बेल वाजवली.