सॅकमधला वरवंटा

ज्या माणसामुळे मी पदवीधर झालो, ते दत्ताराम परब मेथीची जुडी आणायला जातानाही पाठीवर बारा किलोंची सॅक घेत. सॅकमध्ये पाच किलो तांदूळ, पाण्याच्या एकेक लिटरच्या चार बाटल्या आणि काकींचा वरवंटा असे. वरवंटा काकींच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला. "बाटल्यांवर आपटतो," असं काका कारण देत.

चारकोपच्या आमच्या सोसायटीला याची सवय झाली होती. फक्त कदमकाकांना झाली नव्हती.

"परब, मेथीला सॅक? येताना म्हैस पण आणणार काय?"

"मेथी हलकीच आहे रे. डोंगर जड आहे."

"चारकोपात कुठला डोंगर?"

"तू बसलायस त्या जिन्यावर. सरक."

आणि काका चार मजले तीनदा चढून उतरत.

ते इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. समोर येईल ते काट्यावर ठेवायची त्यांना सवय. बारावी करून मी तालुक्याच्या गावाहून त्यांच्या हाताखाली नोकरीला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझी बॅग काट्यावर ठेवली.

"नऊ किलो. यात पुस्तकं किती?"

"दोन."

"वाढव."

राहायला जागा नव्हती, म्हणून ते मला घरीच घेऊन गेले. नाइट कॉलेजात नावही त्यांनीच घातलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. सहा वर्षं काकींनी पाट्यावर वाटलेल्या चटणीशी मी भाकरी खाल्ली. पदवीचं प्रमाणपत्र आणलं तेव्हा काकांनी तेही काट्यावर ठेवलं. काटा हलला नाही. "बिघडलाय," ते म्हणाले, आणि डोळे पुसत काट्याला शिव्या देऊ लागले.

मग काकी गेल्या. काका रिटायर झाले. मला वांद्र्याला दुसऱ्या पाळीची नोकरी लागली. मी घरी येईपर्यंत काकांचं ताट धुऊन पालथं घातलेलं असे.

एका रविवारी मी त्यांना मोबाइलवर गंमत म्हणून एक जाहिरात दाखवली. हिमाचलात एक सेंद्रिय शेत होतं. तिथे रोज पाच तास काम करायचं, बदल्यात झोपायला खाट आणि दोन वेळचं जेवण. काकांनी एकच प्रश्न विचारला.

"जेवायला सगळे एकत्र बसतात काय रे?"

"तसं लिहिलंय."

"मग फॉर्म भर."

जेवण वेळेवर मिळतं का, याची ही चौकशी असावी असं मला वाटलं.

शेतापर्यंतचा डोंगर पायीच चढायचा होता, म्हणून तेव्हापासून सॅकची तालीम सुरू झाली. निघताना मी म्हटलं, "काका, वरवंटा तरी ठेवा घरी."

"नको. वजनाची सवय झालीय. हलका झालो तर तोल जाईल."

बस थांबते तिथून शेतापर्यंत ते गावोगाव मुक्काम करत चार दिवस चालले. रोज फोन करून सांगत, "इथे उतारसुद्धा चढच आहे."

शेतावर तिसऱ्या दिवशी सकाळी काका सगळ्यांच्या आधी उठले. वाफ्याशेजारी पाल्याचा मोठा ढीग होता. आमच्या कोकणातल्या माणसाला पेरणीआधी असा ढीग दिसला की एकच गोष्ट सुचते. आपल्याकडे भाताची रोपं करायच्या जमिनीवर पाला-शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. काकांनी पाला नीट पसरला, वाऱ्याची दिशा पाहिली आणि राब भाजला.

तो पाला शेताच्या मालकीण देवकीदीदींनी भाजीच्या वाफ्यांवर पांघरायला हिवाळाभर जमवला होता.

"दीदी ओरडली असती तरी बरं," काका फोनवर म्हणाले. "बोलतच नाही. पाला काय लॉकरात ठेवायचा असतो? माका काय म्हायत!" मग म्हणाले, "परत धाडतील बहुतेक."

"जेवलात का?"

"पंगतीला नाय गेलो आज."

तेव्हा कुठे मला त्यांचा तो एक प्रश्न समजला. पदवीधराला इतका वेळ लागायला नको होता.

दुसऱ्या दिवसापासून काका सॅक रिकामी करून जंगलात जाऊ लागले. नऊ दिवस त्यांनी पाठीवरून पाला आणला. "बारा किलो पाला म्हणजे किती फेऱ्या, ठाऊक आहे? वजनाचं माझं गणितच चुकलं रे." दहाव्या दिवशी ढीग पहिल्याहून मोठा झाला. देवकीदीदींनी स्वतः हाक मारून त्यांना पंगतीत बसवलं आणि मला फोटो पाठवला. काका मध्ये बसलेत, दोन्ही बाजूंना दहा-बारा माणसं, आणि प्रत्येकाच्या ताटात चटणी. मागे एका सपाट दगडावर आमचा वरवंटा.

सफरचंदं उतरेपर्यंत राहा, असं दीदी म्हणाल्या. काकांनी मला फोन केला. "तू म्हणशील तर येतो. तू एकटा जेवतोस ना रे?"

फोनवर मला खोटं बोलता येत नाही. म्हणून पत्र लिहिलं.

*ती. स्व. काकांस,*

*शि. सा. न. वि. वि.*

*तुम्ही घाई करून येऊ नका. सफरचंदं उतरवूनच या. मी मजेत आहे. जेवण रोज कदमकाकांकडे होतं, त्यामुळे एकटं असं वाटत नाही. जिना मोकळा आहे.*

*फोटो पाहिला. चटणी चांगली झालेली दिसते. पाटा इथे ओट्याखाली आहे. त्यावर काही वाटत नाही, तरी दर रविवारी धुऊन ठेवतो.*

*येताना बाकी काही विसरलात तरी चालेल. सॅकमधले तीन किलो या पाट्याचे आहेत, तेवढे घेऊन या.*

*आपला,*
*विलास*