पंढरीबुवांच्या नकला

बयनाबाई शेवटी ‘हो’ म्हणाल्या, त्या दिवशी उद्धवरावांनी देवापुढे पेढा ठेवला आणि लगेच सूचना लिहायला बसले. पुढचा सगळा घोटाळा त्या सूचनेनं केला. पेढ्याचा त्यात काही दोष नाही.

हा ‘हो’ मिळवायला अख्खा उन्हाळा गेला होता. बयनाबाई म्हणजे वैकुंठवासी पंढरीबुवांची पत्नी. बुवांचं कीर्तन ज्यानं ऐकलं, त्याला दुसऱ्या दिवशी कापूस वेचतानाही टाळ ऐकू येत. पूर्वरंगात ते अभंगाची एकेक पाकळी अशी उकलत, की न शिकलेल्या म्हातारीलाही वाटावं, हे तर मला आधीच ठाऊक होतं. आणि उत्तररंगात आख्यान लावलं, की तलमडुगूच्या देवळासमोर बसलेल्या माणसाच्या अंगाला द्वारकेचा वारा लागे. अशा बुवांच्या कॅसेटींची एक पेटी बयनाबाईंच्या खाटेखाली होती, आणि त्या कॅसेटींना बुरशी लागत चालली होती. आवाज गेला म्हणजे बुवा दुसऱ्यांदा गेले, असं उद्धवरावांना वाटे, आणि घास गोड लागेनासा होई.

उद्धवराव तलमडुगूच्या मराठी वाचनालयाचे चिटणीस. वाचनालय म्हणजे दोन कपाटं आणि एक पंखा. त्यांच्या एकट्याच्यानं हे काम होणारं नव्हतं. पण देव सगळं एका घरात देत नाही. चार घरांत वाटून देतो आणि ही लेकरं एकमेकांकडे जातात का ते पाहत बसतो. किनवटच्या वाचनालयाकडे धड चालणारा टेपरेकॉर्डर होता. मंचेरियलच्या कोळसा वसाहतीतल्या वाचनालयात फितीवरची बुरशी अलगद पुसणारे बापूजी होते. आदिलाबादच्या ग्रंथालयाकडे संगणक होता आणि तो चालवणारी रश्मी होती. आणि तलमडुगूत बुवांची पेटी. लग्नघरी आळीतून पातेली गोळा होतात, तसं हे सगळं एका रविवारी एका खोलीत जमायचं, बुवांचा आवाज संगणकात उतरवायचा आणि प्रत्येक वाचनालयानं तो आपापल्या गावी न्यायचा. इकडच्या तेलुगू राज्यातली तीन आणि तिकडच्या मराठी राज्यातलं किनवटचं एक अशी चार वाचनालयं मानपानावरून न भांडता एका कामाला लागली, एवढ्यानंच उद्धवरावांना कळसाचं दर्शन घडल्यासारखं झालं होतं.

अडचण एकच होती. उद्धवराव जन्मभर तहसिलीत नकलनवीस होते. पहाणीची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची नक्कल, फैसल्याची नक्कल, नकाशाची नक्कल. ‘प्रत’ हा शब्द त्यांच्या लेखणीला माहीतच नव्हता. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं:

“येत्या रविवारी सकाळी वाचनालयात वै. पंढरीबुवांच्या नकला होतील. चार गावची वाचनालये यात भाग घेतील. ज्यांच्याकडे साहित्य असेल त्यांनी ते सोबत आणावे. चांगल्या नकला जिल्ह्याला पाठवण्यात येतील.”

खाली वाचनालयाचा शिक्का मारला आणि फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. शेजारच्या तेलुगू मास्तरांना वाचून दाखवली, तर त्यांना ती तात्काळ समजली, कारण तेलुगूतही नकलू म्हणजे प्रतच. समजली नाही ती फक्त मराठी माणसांना.

पहिला आला तो चहावाला फकिरा. लग्नाच्या वरातीत पुढाऱ्यांचे आणि कोंबड्यांचे आवाज काढण्याबद्दल त्याची तीन मंडलांत कीर्ती होती.

“उद्धवकाका, माह्याकडंबी हाय बुवायची नक्कल.”

“तुह्याकडं?” उद्धवरावांचे डोळे चमकले. “केवढी हाय?”

“दोनच मिनिटाची हाय, पण अस्सल.”

“नक्कल अस्सल कशी राहीन रे?”

“तेच तं काका! आयकणारा मनते, बुवाच उभे हायेत.”

“मंग घेऊन ये लेका रविवारी. मातर साफ करून आन. बुरशी-गिरशी नको.”

“रोज मिठाच्या पाण्यानं गुळण्या करून राह्यलो ना काका,” असं म्हणून फकिरा किटली हलवत निघून गेला.

कॅसेट मिठाच्या पाण्यात घालू नये, एवढं सांगायला उद्धवराव दारापर्यंत धावले. पण तो कोपऱ्यावरून वळला होता. दोन दिवस त्यांच्या जिवाला त्या खारट कॅसेटीचा घोर लागून राहिला.

मग फोन सुरू झाले. एकानं विचारलं, पहिलं बक्षीस काय आहे. दुसऱ्यानं विचारलं, फक्त बुवाच करायचे की सोबत म्हैस केली तर चालेल. ‘साहित्य’ म्हणजे ढोलकी की डफ, याची चौकशी तर चौघांनी केली. उद्धवराव बुचकळ्यात पडले. पण लोकांचा उत्साह पाहून मनात हरखलेही. त्यांना वाटलं, बुवांची पुण्याई.

शनिवारी दुपारी बयनाबाई दारात उभ्या राहिल्या. चप्पलही काढली नाही.

“उद्धव भाऊ, एवढे वर्षं तुमी बुवायच्या पाया पडत व्हते, का त्यायचं तोंड पाहून ठेवत व्हते?”

“काय झालं वयनी?”

“नकला करता त्यायच्या? चार गावचे वांदरं जमा करून?”

“अवो वयनी, नक्कल म्हंजे...”

“मले नका सांगू नक्कल म्हंजे काय ते! त्यायनं उभ्या जन्मात कोनाची टिंगल केली नाही. देवासारखा मानूस! पेटी भेटत नाही तुमाले, जा. अन् उद्या मी येते. पयल्या रांगेत बसते. पायतेच, कोनाची माय व्याली हाय ते.”

त्या गेल्या तेव्हा कुठे उद्धवरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सूचना पुन्हा वाचली आणि ‘नकला’ या शब्दावर बोट थांबलं. रश्मी आणि तिचा संगणक एकच रविवार मोकळे होते. त्यानंतर यंत्रं वांकिडीच्या पलीकडच्या गावांना जाणार होती. उद्या पेटी उघडली नाही तर पुढच्या पावसाळ्यात तिच्यात नुसता भुगा उरणार. त्यांनी ग्रुपवर खुलासा टाकला:

“नकला म्हणजे त्या नकला नव्हेत. कोणीही तोंडाने काही करू नये. सर्व काम मशीन करील.”

याचा परिणाम असा झाला, की मशीन माणसाची नक्कल करतं म्हणजे करतं कसं, हे पाहायला आजूबाजूच्या वाड्यांतले लोकही निघाले.

रविवारी सकाळी वाचनालयात मुंगीला जागा नव्हती. रश्मी संगणकाची पिशवी छातीशी धरून कशीबशी आत शिरली. तिचे वडील शाळामास्तर, त्यामुळे गर्दीला गप्प कसं करायचं हे तिला घरातूनच येत होतं. पण डफ, दोन ढोलक्या आणि एक खोटी दाढी पाहून तीही गांगरली.

“अय्यो काका, मी साहित्य म्हंजे कॅसेटी समजली व्हती. हे लोकं ढोलकी काऊन आनून राह्यले?”

“पोरी, माह्या हातानं झालं,” उद्धवराव पुटपुटले. “पंचवीस वर्षं नकला देल्ल्या, एकानं हासून नाही दाखवलं. अन् आज पाय.”

पहिल्या रांगेत मधोमध बयनाबाई. आणि समोर, डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं, कपाळाला बुक्का लावून फकिरा. त्यांना पाहताच त्याचं उपरणं आपोआप खिशात गेलं.

“कर,” बयनाबाई म्हणाल्या.

“काय माय?”

“बुवा कर. मी पायते.”

“म्या? म्या कायले करू? म्या तं चहा घेऊन आलो व्हतो.” आणि पुरावा म्हणून फकिरानं समोरचा कप उचलून अख्खा तोंडात ओतला. तो चहा पुढे गिळवेना की थुंकवेना.

उद्धवरावांनी कपाळाला हात लावला. मग विठ्ठलाचं नाव घेऊन रश्मीला म्हणाले, “बापूजींनी मंचेरियलहून एक कॅसेट आनली हाय ना? ते लाव. लोकं कानानं आयकतीन, तवाच समजतीन.”

बापूजींनी खिशातून कापसात गुंडाळलेली कॅसेट काढली. वसाहतीतल्या रामनवमीला कुणीतरी भरलेली होती. ती किनवटच्या टेपमध्ये बसली, आदिलाबादच्या संगणकाला वायर लागली, आणि खिडकीतला कर्णा आधी खरखरला, मग खाकरला, आणि मग बोलला.

“रामकृष्ण हरी!”

बुवा. तोच भरदार, किंचित घोगरा, प्रेमानं ओथंबलेला आवाज. म्हाताऱ्यांचे हात आपोआप जोडले गेले. बयनाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. उद्धवरावांच्या डोळ्यांना धारा लागल्या. आता वहिनींना कळणार, सगळं मार्गी लागणार!

बुवांनी एक अभंग चालीवर म्हटला आणि मोह सोडण्याबद्दल बोलू लागले. बोलता बोलता थांबले. आणि कर्ण्यातून एकदम एक तिखट, चिरका, बाईचा आवाज आला:

“आले का देवाले निजवून? लोकायले सांगता, मोह सोडा, माया सोडा! अन् तुमी काय सोडून आले? छत्री!”

तो आवाज बयनाबाईंचा होता. हेल तोच, ठसका तोच, शेवटच्या शब्दावरची आपट तीच.

बयनाबाई विजेसारख्या उठल्या आणि त्यांनी फकिराकडे बोट रोखलं. “मेल्या! बुवा सोडून माही नक्कल करतं?”

फकिरानं फुगलेल्या गालांकडे बोट दाखवून जोरजोरात मान हलवली. तोंडात चहा तसाच होता. तेवढ्यात कर्णा पुन्हा ओरडला, “मांगच्या एकादशीले चपला, या एकादशीले छत्री! पुढच्या एकादशीले सोताले ठेवून या, म्हंजे मी मोकळी!” आणि फकिराचा चहा पुढच्या ढोलकीवर गेला.

मग जो हशा उसळला, त्यात कॅसेटीतली मंचेरियलची जुनी माणसं किती हसत होती आणि तलमडुगूची आजची किती, हे कुणाला सांगता आलं नसतं. हसले नाहीत ते दोघंच. एक बयनाबाई, आणि दुसरे उद्धवराव. उद्धवरावांना डोळ्यांपुढे पेटी पुन्हा खाटेखाली सरकताना दिसत होती.

“हासता काय बापहो?” कर्ण्यातले बुवा हळू आवाजात म्हणाले. “माहं कीर्तन दोन घंट्याचं. तिचं पहाटे जात्यावर सुरू होते. आत्ता जी चाल तुमी डोलून डोलून आयकली ना, ते तिचीच हाय. ते दळता दळता गाते, मी खाटेवर पडून चोरतो. लोकं मले बुवा म्हंतेत. खरं सांगू? जन्मभर मी त्या माउलीची नक्कलच करून राह्यलो.”

इथं बाजू संपली. कट् असा आवाज झाला.

बयनाबाई तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, “छत्री नव्हती.”

“अं?” रश्मी म्हणाली.

“छत्री नव्हती ते. जर्मनचा डबा व्हता, झाकनाचा. छत्री नुसती हासवाले घातली त्यायनं.” मग त्या टेप घेऊन आलेल्या किनवटच्या माणसाकडे वळल्या. “तुमच्या गावालेबी केली असंल माही नक्कल?”

किनवटकर जमिनीकडे पाहत म्हणाले, “आहे आमच्याकडं एक. तिच्यात... बुवांनी बसायला पाटाऐवजी परात दिली म्हणून तुम्ही बोलता.”

“पाय व माय! साऱ्या मुलुखाले हासवून राह्यले मानूस, अन् घरच्या पेटीत नुसते गीतेवरचे सोवळे कीर्तनं ठेवले! म्हून मले हात लावू देत नव्हते लोकायच्या कॅसेटीले!” त्या ओरडत होत्या, पण त्यांचा चेहरा काही वेगळंच बोलत होता. नव्या नवरीच्या गालावर येते तसली लाली त्या सुरकुत्यांत चढली होती. “उद्धव भाऊ, असे बसून काय राह्यले? माह्या घरी जा, पेटी आना. अन् आयका, चारी गावचं समदं एका जागी झालं पायजे. एकबी कॅसेट सुटली तं माह्याशी गाठ हाय. कोठं कोठं काय बोल्ले, मले समदं पायजे.”

उद्धवराव पळाले. त्या वयात माणूस एवढं पळत नाही.

संध्याकाळपर्यंत पेटीतल्या सगळ्या कॅसेटी बापूजींनी पुसल्या, किनवटच्या टेपनं वाजवल्या, रश्मीनं उतरवल्या. भाग घ्यायला आलेल्यांनी ढोलक्या बाजूला ठेवून कॅसेटी वाळवल्या. खोटी दाढी धूळ झटकायला फार उपयोगी पडली. चार गावं एका वायरीला जोडलेली पाहून उद्धवराव मनातल्या मनात नाचत होते.

शेवटची कॅसेट संपली तशी रश्मी वायरी गुंडाळू लागली. बयनाबाईंनी तिचा हात धरला.

“थांब व बाई. त्यायचं झालं. आता माहं घे.”

“तुमचं काय घेऊ आजी?”

“उत्तर. एकतर्फी ठेवतं का? लाव मशीन.” आणि त्या माइकसमोर मांडी घालून बसल्या. घसा खाकरला. डब्याची खरी हकिकत सांगितली, एकादशीची सांगितली, मधेच ती जात्यावरची चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली, आणि बुवांनी ती कुठे चुकवली तेही दाखवलं. रश्मीचा संगणक गरम झाला, फकिरानं तीनदा चहा केला, पण उत्तररंग काही आवरेना. लोक जागचे हलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात वांकिडीच्या वाचनालयाचा फोन आला. आवाजात मोठी उत्सुकता होती. “उद्धवराव, आमच्या माळ्यावर बी बुवांच्या कॅसेटी सापडल्या. पाठवून देऊ का तुमच्याकडं?”

“नका पाठवू,” उद्धवराव म्हणाले. “रश्मीनं कालच सांगतलं, अन् वयनी सकाळच्या बसनं निघाल्या तिकडं. तुमी फक्त माइक लावून ठेवा.”