तारीखवाले काका आणि दाणीजी

दाणीजींना पॅकेजबद्दल विचारलं की ते माणसाची तब्येत सांगतात.

आमचं सॉफ्टवेअर पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट छापतं. त्यातले कितीतरी सुटे भाग, म्हणजे पॅकेजेस, जगात कुठे कुठे बसलेल्या माणसांनी लिहून फुकट दिलेले आहेत. त्यांची नवी व्हर्जन्स येत राहतात. रिलीजआधी फ्रीजचा दिवस ठरतो. त्यानंतर कशाला हात लावायचा नाही. काय बदलायचं याची यादी मी करते, बदलतात दाणीजी.

“मॅडम, पीडीएफवाल्याचं नवं व्हर्जन नका घेऊ. त्याच्या घरी बाळ झालंय. जागरणात काम करून राहिला तो.”

“यादीत कारण काय लिहू?”

“बाळ.”

मी ‘धोका जास्त’ असं लिहिलं. चार दिवसांनी त्या गृहस्थानं माफी मागून ते व्हर्जन मागे घेतलं. तेव्हापासून माझ्या यादीत एक रकाना जास्त आहे. त्याला नाव दिलेलं नाही.

दाणीजी गढा नावाच्या जुन्या वस्तीत एकटेच राहतात. ऑफिसात एक पॅकेज बदललं की गच्चीवर एक फेरी, मग दुसरं. “स्वयंपाकघरात एका वेळी एकच. दोघं शिरले की मीठ कोणी जास्त टाकलं, कळत नाही.”

या वेळी यादीतला सातवा मुद्दा अडला. तारखा आणि वय मोजणारं पॅकेज. त्यात सुरक्षेची चूक सापडली होती आणि लिहिणाऱ्याचा दोन वर्षं पत्ता नव्हता. गुरुवारी पाचला फ्रीज. त्याआधी ते काढून दुसरं बसवलं नाही, तर सगळ्या लॅबमध्ये ती चूक आमच्या हातून जाणार होती.

“काहून काढता? ते तारीखवाले काका आजारी असतील.”

“म्हणूनच काढायचं, दाणीजी. चूक दुरुस्त कोण करणार?”

त्यांनी यादीतला सातवा मुद्दा पुन्हा वाचला. मग म्हणाले, “चलो. पण सगळे जुने रिपोर्ट ताडून पाहीन.”

बुधवारी दुपारी सिहोऱ्याच्या लॅबमधल्या एका जुन्या रिपोर्टवर ते थांबले. दोन दिवसांचं बाळ. नव्या पॅकेजनं वयाची जागा कोरी सोडली होती. वय नाही, तर रिपोर्टमधले आकडे मोठ्या माणसाच्या मापानं तपासले जाणार. धडधाकट बाळ आजारी ठरलं असतं.

“काकांनी हे सांभाळलं होतं, मॅडम. चुपचाप.”

दुरुस्ती झाली, गुरुवारी पाचच्या आत सगळं बसलं. मी सातव्यावर खूण केली. लोक घरी निघाले. दाणीजी मात्र काहीतरी टाइप करत होते. मी वाकून पाहिलं. त्या काकांना पत्र होतं: आजपासून तुमचं पॅकेज आमच्याकडून निघालं. नऊ वर्षं त्यानं त्रास दिला नाही. दोन दिवसांच्या बाळाचीही तुम्ही काळजी घेतली होती, हे आम्हाला कालच कळलं.

“इतक्या वर्षांचा माणूस घरातून निघाला, तर कोणी सांगायला नको?” दाणीजी म्हणाले. मग स्क्रीनकडेच बघत विचारलं, “मॅडम, ‘उत्तर नाही दिलं तरी चालेल, फक्त बरे आहात एवढं कळू द्या’... पण ते तर उत्तरच झालं. इंग्रजीत कसं लिहू?”

मी पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.