सख्खं न्हाई, चुलत

आमच्या शेजारचे व्यंकूअण्णा नव्या माणसाला गाव विचारत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. "तुमच्याकडं मशीन कुठलं हाय?" एवढंच विचारतात. माझ्या मुलीला बघायला पुण्याचा मुलगा आला तेव्हा अण्णा सहज डोकावले आणि तो कॉम्प्युटरवाला आहे कळताच त्याला घेऊन गच्चीवर गेले. खाली पोहे गार झाले. मुलाची आई माझ्याकडे बघायला लागली. शेवटी मुलगीच वर जाऊन म्हणाली, "अण्णा, बघायचा कार्यक्रम माझा आहे, तुमचा नाही." लग्न जमलं. जावई आपणच पसंत केला, असं अण्णा अजून सांगतात.

अण्णा विणकरांच्या घरातले. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी. एका चादरीच्या कारखान्यात डिझाइन खात्याचं युनिक्स मशीन ते सांभाळायचे. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउस नाही. जे हवं ते टाइप करून सांगायचं. चादरीवरचा मोर म्हणजे त्या पडद्यावर नुसत्या फुल्या आणि टिंबं. धागा वर आला की फुली, खाली गेला की टिंब. त्यासाठी अण्णांनी बारक्या बारक्या कमांड लिहिल्या होत्या. 'उलटा' म्हटलं की मोर तोंड फिरवायचा. 'किनार' म्हटलं की चारी बाजूंनी काठ धावायचा. बाहेर मागांचा खडखडाट, आणि आत काचेच्या खोलीत ऐन मे महिन्यात स्वेटर घालून बसलेले अण्णा. मशीनला गारवा लागायचा म्हणे. आम्ही पोरं नुसती ती थंडी बघायला काचेला नाक लावायचो.

पुढे कारखाना बंद पडला, मशीन भंगारात गेलं. कमांड मात्र अण्णांनी घरी आणल्या आणि तेव्हापासून त्यांची बिऱ्हाडं हलवताहेत. युनिक्सवरनं लिनक्सवर, एका लिनक्सवरनं दुसऱ्यावर.

"एकाच घराण्यातली हायेत की ही," ते समजावतात, "पन चुलत. सख्खी न्हाईत. नाक सारखं दिसतंय म्हणून हितला शब्द तितं चालंल, असं न्हाई."

हा निकाल मग ते सगळ्यालाच लावतात. पुण्यात मिळणारी शेंगाचटणी, चुलत. यंत्रावर थापलेली कडक भाकरी, चुलत. आणि काम तडीस गेलं की हात झटकून "अंते" म्हणतात. म्हणजे, संपलं.

यंदा उन्हाळ्यात त्यांनी कुठून तरी तिसऱ्याच जातीचा लॅपटॉप आणला आणि पुन्हा बिऱ्हाड हलवायला घेतलं. जावई आला होता. त्यानं हौसेनं सगळं बघितलं. 'किनार' ही कमांड जरा विचित्रच आहे. आधी रुंदी विचारते, मग डिझाइनचं नाव, मग उगाच एक ओळ रिकामी सोडते.

"अण्णा, हलवताच आहात तर सुधारून घ्या," जावई म्हणाला. "नाव आधी विचारा. ती रिकामी ओळ काढून टाका."

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "मी बिऱ्हाड हलवतोय. भिंती पाडत न्हाई."

गंमत म्हणजे त्या ओळीनंच त्यांना सगळ्यात जास्त छळलं. नव्या मशीनवर ओळ रिकामी येईना; तिथं एक तिरपी रेघ आणि 'एन' उमटायचं. अण्णा जेवताना पुटपुटत, दूध आणायला जाताना पुटपुटत.

"पण हे वापरतं कोण आता?" मी विचारलं.

"हाय एक जण."

एका दुपारी "अंते" ऐकू आलं, आणि अण्णांनी मला स्कूटर काढायला लावली. लॅपटॉप चादरीत गुंडाळून ते मागे बसले. आम्ही गेलो रशीदभाईंकडे. रशीदभाई त्या कारखान्याचे डिझायनर. मोर काढावा तर त्यांनी, असं सगळे म्हणायचे. मधुमेहानं त्यांची दृष्टी गेली, हे मला त्या दिवशी कळलं. लॅपटॉप त्यांच्या मुलानं पाठवलेला होता. सून दारातच हळू आवाजात म्हणाली, "पुराना कम्प्यूटर जला तबसे अब्बा किसीसे बातच नई करते."

अण्णांनी लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज त्यात घातलेला होता. रशीदभाईंनी 'किनार' टाइप केलं. आवाजानं रुंदी विचारली, मग नाव. मग रिकाम्या ओळीशी तो जरासा थांबला, आणि तेवढ्यात रशीदभाईंची बोटं पुढच्या कामाच्या जागी जाऊन बसलीसुद्धा.

"कुछ बदल्या नई तू," ते म्हणाले.

"कायकू बदलू?"

मग ते मोर काढू लागले. सगळं बोटांच्या आठवणीवर. आवाज एकेक ओळ वाची, ते मान हलवत, पुढे जात. मोर पुरा झाला. सून म्हणाली, "बहोत अच्छा है, अब्बा." मीही "सुंदर" म्हणालो. रशीदभाईंनी आमच्या दिशेनं हसून मान लववली, पाहुण्यांपुढे लववतात तशी. मग म्हणाले, "व्यंकू?"

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावलं.

"गर्दन एक घर सरकी है, भाई. पंख बी ढीला पड्या है."

मला वाटलं, आज तरी नको होतं हे. पण रशीदभाईंचा चेहरा एकदम खुलला. बहुधा बऱ्याच दिवसांत त्यांना कुणी चूक सांगितली नव्हती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"कौनसी लाइन?"

अण्णा शेजारी बसून ओळी मोजायला लागले. सुनेनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. मी निघतो म्हणालो. दोघांनाही ऐकू गेलं नाही.