बाळासोंची बंदोबस्तातली कांजी

"पोटातल्या जंतूंना कामाला लावलं की कॅन्सरची काय टाप हाय आपल्या घरात शिरायची!" बाळासोंनी तालमीच्या कट्ट्यावर जाहीर केलं. आणि बाळासोंनी जाहीर केलं म्हणजे विषय संपला!

झालं होतं असं. बाळासोंच्या बायकोच्या, म्हणजे निर्मलावहिनींच्या, सख्ख्या बहिणीच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. वहिनींनी धास्तीच घेतली. "अवो, मला एकदा तपासून आणा की," म्हणून नवऱ्याच्या मागं लागल्या. पण एक व्हिडिओ बघून आमचे बाळासो डॉक्टर झालेले! चोथा खाल्ला की जंतू खूश, जंतू खूश की गाठ वाढवणारे जादा हार्मोन बाहेर. मग तपासणी कशाला?

वहिनींचं मटण बंद झालं. कोंड्याची भाकरी, मोडाची मटकी आणि ताक सुरू झालं. बाळासोंचा तांबडा-पांढरा रस्सा मात्र वाटीवर वाटी चालूच!

"तुमच्या पोटात जंतू न्हाईत व्हय?"

"हा बायकांचा आजार हाय. गप खा!"

मग निघाली बिटाची कांजी, जंतूंसाठी आंबवलेलं लालभडक पाणी. कांजी आंबताना गॅस धरते, म्हणून झाकण सैल ठेवतात. पण बाळासोंची शिरोलीत लोखंड ओतायची फौंड्री! गळती म्हटली की त्यांचं डोकंच फिरतं. त्यांनी स्टीलच्या डब्याला रबरी गॅस्केट बसवलं आणि चहूबाजूंनी बोल्ट आवळले. रविवारी पाहुण्यांसमोर डबा उघडायला ऐटीत पाना लावला मात्र, धडाम! झाकण थेट छातीवर! भिंत, छत, पांढरा सदरा, सगळं लालभडक. शेजारची आक्का डोकावली आणि "खून झाला!" म्हणून बोंबलत पळाली.

दवाखान्यात डॉक्टर अनुजांनी बाळासोंची छाती दाबून बघितली. मार किरकोळ होता. पण बोटं दुसऱ्याच बाजूला थांबली. "इथं गाठ लागतेय. कधीपासून आहे?"

"मला? मी पुरुष हाय की!" बाळासोंनी घाईघाईनं सदरा छातीवर ओढला.

"छातीचा कॅन्सर क्वचित पुरुषांनाही होतो. ही बहुतेक चरबीची गाठ असेल, पण बघून घेऊ. आणि खाणं चांगलं ठेवलं तरी तपासणी चुकत नाही हं! घरात आणखी कुणाला दाखवायचंय?"

"मला!" वहिनी ताडकन उठल्या.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीबाहेर नुसत्या बायका. त्यांच्यात बाळासो टॉवेलात तोंड खुपसून बसलेले. सिस्टर खेकसली, "ओ पावणं, ही बायकांची रांग हाय. भाईर थांबा!"

बाळासो सुटल्यासारखे उठले. वहिनींनी त्यांचं मनगट धरलं आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बसा खाली! सिस्टर, पैला नंबर ह्यांचाच हाय. माझा ह्यांच्या मागं!"