पाहणे व दिसणे याबाबतचे परिपत्रक

कार्यालयातल्या जुन्या नोंदींची पेटी नव्या पेटीच्या मागे जोडायची होती, आणि तीही दुपारी तीनच्या आत. पेटी म्हणजे कपाटाएवढं यंत्र. ही जोडाजोड करणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे स्विचराव म्हणत. चार वाजता त्यांच्या मुलीचं शाळेत नाटक होतं. ती झाड झाली होती. वाक्य एकच, "मी इथेच आहे!" गेल्या वर्षी ती ससा होती; बाबा पोचले तेव्हा पडदा पडून गेला होता आणि ससा हुंदके देत होता. यंदा चुकलं असतं तर घरात तोंड दाखवायची सोय नव्हती.

काम तसं त्यांच्या हातचा मळ. स्विचवर, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या तारा जिथे एकत्र येतात त्या डब्यावर, झोन पाडायचा, बस्स. तेवढ्यात मोठे साहेब मागे येऊन उभे राहिले.

"झोन म्हणजे काय हो?"

"साहेब, एका झोनमधले दोघं फक्त एकमेकांना दिसतात. संगणकांना आता नवी पेटीच दिसेल. जुनी तिच्या मागे राबेल, आणि नवी ते सगळं आपलं म्हणून दाखवेल."

"हात्तिच्या! हे तर मी वीस वर्षं करतोय," साहेब म्हणाले. शेजारच्या हेडक्लार्कनं मान खाली घातली.

"आणि जो कुठल्याच झोनमध्ये नाही?"

"तो मग नाहीच, साहेब."

साहेबांनी खिडकीबाहेरच्या अर्जदारांच्या रांगेकडे प्रेमानं पाहिलं.

अडीचला परिपत्रक निघालं. 'प्रत्येकाने आपल्या झोनमधील एकाच व्यक्तीस पाहावे. इतरांस पाहिल्याचे आढळल्यास पाहणारा व दिसणारा, दोघांवरही कारवाई करण्यात येईल.' हेडक्लार्कच्या वाट्याला साहेब आले. शिपाई टंकलेखनाच्या चुकीमुळे स्वतःच्याच झोनमध्ये पडला. तो आरशासमोर खुर्ची टाकून बसला. अर्जदारांना झोनच नव्हता, त्यामुळे कार्यालयाच्या इतिहासात प्रथमच रांग शून्यावर आली. ती खिडकीशी उभी राहून बोंबलत होती, पण ती नोंद घेण्याजोगी बाब नव्हती.

तीनला पेट्या जोडून झाल्या. स्विचराव रजेचा अर्ज घेऊन हेडक्लार्कपुढे उभे राहिले.

"तुम्ही स्विचच्या झोनमध्ये," हेडक्लार्क छताकडे बघत म्हणाले. "मला दिसत नाही."

"अहो, मग बोलताय कसे?"

"ऐकायला बंदी नाही. सहीसाठी मात्र अर्ज दिसावा लागतो."

"मग झोन बदलून द्या की!"

"त्यासाठी समक्ष भेटा."

स्विचरावांनी कपाळावर हात मारला. आणि मग त्यांची ट्यूब पेटली. माणूसच दिसत नाही, तर त्याला रजा कशाला? ते साहेबांच्या नाकासमोरून निघाले, आणि जाताजाता त्यांच्या बशीतलं बिस्किटही उचललं. साहेब डोळे फाडून बघत होते. पण पाहिलं म्हटलं की आलीच कारवाई, म्हणून त्यांनी काही पाहिलं नाही.

चारला स्विचराव पहिल्या रांगेत! पडदा वर गेला तसे सगळ्या आईबापांचे फोन वर गेले, त्यांचाही गेला. झाड खणखणीत आवाजात म्हणालं, "मी इथेच आहे!" चित्रण झकास आलं.

परतताना पोरगी गाल फुगवून चालत होती.

"बाबा, तू याही वर्षी आला नाहीस."

"अगं, पहिल्या रांगेत होतो मी!"

"तिथे नुसते फोन होते."

स्विचरावांनी हातातला फोन खिशात घातला. तुम्ही हसताय, हसा. फक्त मघापासून घरातलं कुणीतरी तुम्हाला दोनदा हाक मारून गेलंय, तेवढं हे पान जरा खाली करून बघा.