रंगरावांचे चुन्याचे शहर

आमच्या शेजारच्या रंगरावांनी आपल्या गच्चीवर जर्मनीतले एक अख्खे शहर चुन्याने आखून ठेवले आहे, आणि रोज सायंकाळी साडेपाच वाजता ते फोन घेऊन त्या शहरातून पायी हिंडतात. यात अतिशयोक्ती आहे असे ज्यांना वाटते त्यांनी कोल्हापुरात यावे, आमच्या पेठेत यावे आणि वर पाहावे. पालथी बादली म्हणजे रेल्वे स्टेशन, तीन विटा म्हणजे चर्च, पाण्याचा निळा पाइप म्हणजे नदी. एकदा सूनबाईंनी धुण्यासाठी बादली उचलली, तेव्हा "स्टेशन कुठं न्हेलं?" म्हणून या गृहस्थांनी घर डोक्यावर घेतले होते.

या प्रकरणाची जी हकीकत कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर सांगितली जाते, ती आरंभापासून अखेरपर्यंत खोटी आहे. म्हणून हे लिहिणे भाग पडले. मी तेहतीस वर्षे भूगोल शिकवला आहे. चुकीचा नकाशा आणि चुकीची हकीकत या दोन्ही गोष्टी मला सारख्याच असह्य होतात.

रंगराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारण्यात हयात गेली; त्यामुळे घरातही "चहा लागलेला आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी" अशा थाटात बोलतात. जगातली कोणतीही वाट आपल्याला विचारल्याशिवाय कोणी चालू नये, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. वस्तुतः या माणसाला वाटेची जाण किती? नात सई बालवाडीत होती तेव्हा शाळा घरापासून दोनशे पावलांवर होती. पण हे तिला सायकलीवर पुढे बसवून रंकाळा तलावाला वळसा घालून नेत. पोरगी रोज उशिरा पोहोचे. बाईंनी तक्रार केली, तर उत्तर काय? "रस्ता तिकडनंच हाय."

हीच सई गेल्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेली. पहिल्याच आठवड्यात तिला विद्यापीठात नावनोंदणीसाठी ठरल्या वेळी पोहोचायचे होते. हातातल्या फोनवर नकाशा होता, तो सगळे दाखवीत होता. परंतु आजोबांनी कोल्हापुरातून फर्मान सोडले, "त्या नकाशाला काय कळतंय? जायाचं तिकडं तोंड कर, डाव्या अंगाला उभी ऱ्हा, आन् गाडी आली की हात कर."

पोरीने बिचारीने ऐकले. आता, जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. हे मी रंगरावांना आदल्या दिवशीच बजावले होते. त्यावर "सर, गाडी ती गाडी. डावं-उजवं तुमच्या पुस्तकात ठेवा," असे उत्तर मला मिळाले होते. व्हायचे तेच झाले. सई नेमक्या उलट दिशेच्या बसमध्ये चढली आणि शेवटच्या थांब्यावर जाऊन पोहोचली. तेथे शेतांखेरीज काहीही नव्हते. तिने बसमधूनच आजोबांना फोन लावला.

चहाच्या गाड्यावरची मंडळी सांगतात की, पोरगी चुकून दुसऱ्याच देशात गेली, तिला पोलिसांनी आणून सोडले आणि रंगराव भोवळ येऊन पडले. साफ खोटे! फोन आला तेव्हा मी रंगरावांच्या घरी हजर होतो. रंगराव पडले नाहीत. पांढरेफटक मात्र पडले. मग त्यांनी जन्मभर केले तेच केले. एकटी मुलगी प्रवासाला निघाली की तिला चालकाच्या हवाली करायची, ही आपल्याकडची जुनी रीत. "ड्रायव्हरला फोन दे," ते म्हणाले, आणि त्या अनोळखी जर्मन चालकाला त्यांनी अस्सल कोल्हापुरीत सांगितले, "पावणं, पोरगी आपली हाय. नवीन हाय. कॉलेजच्या दारात उतरवा, आन् तोवर म्होरल्या शिटावर बसू द्या की!"

पलीकडून दोन वाक्ये आली. ती शिवी होती, असे मंडळी म्हणतात. जर्मन मला येत नाही; परंतु कोणत्याही भाषेतली शिवी ओळखण्याइतके माझे वय झाले आहे. ती शिवी नव्हती. सई पुढच्या सीटवर बसून परत आली आणि नोंदणीची खिडकी बंद होण्यापूर्वी पोहोचली.

त्यानंतर गच्चीवर चुना आला. त्यातली वाहनांची बाजू मी दुरुस्त करून दिली आहे. रंगराव ते श्रेय स्वतःकडे घेतात. वाचकांनी घेऊ देऊ नये.

आता शेवटचे असत्य. वर्ष झाले तरी पोरीला खोलीवर जायची वाट सापडत नाही, रोज आजोबांना विचारावी लागते, असे म्हणून मंडळी हसतात. कबूल करतो, या एका मुद्द्यावर मीही त्यांच्याशी सहमत होतो. गेल्या आठवड्यात हा प्रकार कायमचा बंद करावा म्हणून मी गच्चीवर गेलो. तिकडे दुपार, सईचा वर्ग सुटलेला. रंगरावांचा कान अधू, म्हणून फोन मोठ्या आवाजावर.

"आता बेकरी आली. डावीकडं वळ."

"वळले, आज्जा."

आणि तेवढ्यात फोनमधून कुकरची शिट्टी झाली. स्वच्छ, खणखणीत शिट्टी. जर्मनीतल्या कोणत्याही रस्त्यावर कुकर लावत नाहीत. वर्षभर वाट पाहिलेला क्षण माझ्या हाती आला होता. "रंगराव," मी म्हणालो, "मुलगी घरात बसून भात शिजवते आहे! तुम्ही कोणाला वाट दाखवताय?"

त्यांनी फोनवर तळहात दाबला.

"ठावं हाय की सर. पाच मिन्टात पोचतीया ती, झालं आठ म्हैनं." मग आवाज उतरवून म्हणाले, "पोचली म्हंजे फोन ठेवणार. म्हणून जरा रंकाळ्यावरनं न्हेतोय."

त्यांनी हात काढला. "हां, बाळ. सिग्नल लागला बघ. थांब."

"उभी हाय, आज्जा," सई म्हणाली. मागे ताटवाटीचा आवाज झाला. "लाल हाय अजून. लई वेळ लागंल असं वाटतंय."

"लागू दे की," रंगराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी हाताने खूण केली. "सर, जरा रस्त्यातनं बाजूला व्हा."

मी बाजूला झालो.